एकसष्ट पट्ट्या

"दाबा ना सर, बिनधास्त दाबा," गुगळेशेठ म्हणाले.

पप्पांनी एक पट्टी दाबली. काही झालं नाही. शेजारची दाबली. काही नाही. मग त्यांनी चार बोटं एकदम टेकवली आणि डोळे मिटून कान खाली नेला. प्लॅस्टिकचा टक् असा आवाज झाला, तेवढाच.

"बंद पडलाय हा," पप्पा म्हणाले.

"बंद नाही सर! ह्याला स्वतःचा आवाजच नसतो. मिडी कीबोर्ड आहे हा. वायर कॉम्प्युटरला जोडायची. मग हा त्याला फक्त एवढंच कळवतो, की बाबा, ही पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली, एवढा वेळ धरली. आवाज काढायचं काम कॉम्प्युटरचं. पियानो म्हणा, ऑर्गन म्हणा, सनई म्हणा."

"आणि शेजारी बसून कुणी गात असेल, बोलत असेल, ते?"

"ते ह्याला काय कळणार? ह्याला कान नाहीत, तोंडही नाही." गुगळेशेठ स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. "नुसती बोटं कळतात ह्याला."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. पप्पा म्हणजे माझे सासरे, थिओफिल चक्रनारायण, एसटीच्या नगर डेपोतून रिटायर झालेले. मी स्तुती, त्यांची सून. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच अशी मान हलवायचे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझा नवरा नथनेल त्या उन्हाळ्यात गेला होता. पुण्याहून मोटारसायकलवर येत होता, शिरूरच्या अलीकडे ट्रकनं उडवलं. सांगायला एवढंच आहे. मी रडले नाही. मुद्दाम अडवून धरलं असंही नाही, रडू आलंच नाही. चर्चमधल्या बायका येऊन बसायच्या, माझा हात हातात घ्यायच्या, "मोकळी हो गं, आत साठवू नको" म्हणायच्या, आणि मी उठून त्यांना चहा करून द्यायचे. लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते मी. लगेच कामावर जायला लागले. शीर बरोबर सापडायची, सुई नीट जायची, हात जराही कापायचा नाही. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची! दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तशी झाले होते मी सगळी.

एके दिवशी दुपारी जेवताना पप्पा म्हणाले, "नथूच्या लॅपटॉपात गाणं आहे म्हणे एक. जॉएल सांगत होता."

जॉएल म्हणजे नथनेलचा मित्र. दोघं मिळून चर्चमधल्या तरुणांचा बँड चालवायचे.

"असेल," मी म्हटलं.

"अर्धंच आहे. त्याचा आवाज आहे आणि गिटार आहे. बाकी जागा रिकामी आहे म्हणतो." पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "ती जागा मला भरायचीय. मला नथूबरोबर एकदा वाजवायचंय, स्तुती. एकदाच."

"बरं," मी म्हटलं आणि त्यांना आमटी वाढली.

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. बाप वाजवणारा, पोरगा वाजवणारा, बरोबर वाजवलंच असेल की कितीदा! पण नाही. एका छपराखाली राहून त्या दोघांनी एक गीत कधी मिळून वाजवलं नव्हतं.

पप्पा चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे. उभी लाकडी पेटी, पायांनी भाता हाणायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून दर रविवारच्या उपासनेला पेटीवर तेच असायचे. आणि त्यांची एक खोड होती. गीताची ओळ संपली की ते शेवटचा सूर धरून थांबायचे. चांगले थांबायचे. सगळ्या मंडळीचा दम पुरा व्हायचा, मागच्या बाकावर मार्थाबाई बसायच्या त्यांचाही व्हायचा, आणि मगच पुढची ओळ निघायची. मार्थाबाईंना दमा होता. पप्पा मान न वळवता, वर छताकडे बघत, त्यांच्या श्वासाचा अंदाज घ्यायचे.

नथनेलला हे सहन व्हायचं नाही. "पप्पा ओळीच्या शेवटी जाऊन चहा पिऊन येतात," असं म्हणायचा. "अहो, मार्थाबाई वारल्या त्याला किती वर्षं झाली! आता कुणासाठी थांबताय?"

"सवय आहे मंडळीला," पप्पा म्हणायचे.

पुढे चर्चनं नवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला. बटण दाबलं की त्यातून ढोल-तबला आपोआप सुरू व्हायचा, आणि तो ठोका कुणासाठी थांबायचा नाही. पप्पा त्याच्यावर बसले, पहिल्याच गीतात ठोका पुढे आणि पप्पा मागे. तरुण पोरं हसली. उपासना संपल्यावर सगळ्यांदेखत नथनेल बोलून गेला, "पप्पा, तुमच्यामुळे गाणं रांगतं. चालतं कधी होणार?"

पप्पा उठले. जाऊन कोपऱ्यातल्या पायपेटीचं झाकण नीट लावून आले. त्यानंतर त्यांनी कशालाच हात लावला नाही. घरी दोघं बोलायचे बरं का. गॅसचा नंबर लावला का, पाणी आलं का, मॅच लावा, सगळं बोलायचे. गाण्याबद्दल मात्र एक शब्द नाही. नथनेलला बोलून गेल्याचं वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं. पण माफी मागेल तर शपथ! दोघंही एकाच मातीचे.

तर असं ते 'एकदाच' होतं.

"बजेटमधला दाखवा," मी गुगळेशेठना सांगितलं. "घरी रेकॉर्डिंग करायचंय. आम्हाला यातलं काही कळत नाही."

"मग काळजीच नको ताई." त्यांनी वरच्या फळीवरून एक छोटासा डबा काढला. "नवीन शिकणारे सगळे हाच नेतात. पंचवीस पट्ट्या. टेबलावर मावतो, बॅगेत मावतो. आणि हे बघा," त्यांनी उजवीकडच्या चौकोनी रबरी बटणांवर बोटं आपटली, "हे पॅड. ढोल, टाळ्या, जे पाहिजे ते. घरच्या घरी रेकॉर्डिंगला ह्याच्या बाहेर काही लागत नाही. जास्त पट्ट्या म्हणजे उगाच पैसे घालवणं."

पप्पांनी त्याच्यावर हात ठेवले. पट्ट्या अरुंद, लहान मुलांच्या खेळण्यातल्या असतात तशा. उजवा हात कसाबसा बसला, डाव्याला जागाच उरली नाही. त्यांनी डावा हात उचलून मांडीवर ठेवला.

"चालेल," ते म्हणाले. "एका हातानं वाजवीन. एका गाण्याचा तर प्रश्न आहे. छोटाच घे, स्तुती."

"नाही," मी म्हटलं.

माझा आवाज जरा मोठाच आला असणार, कारण पलीकडे ढोलकी बघत उभं असलेलं गिऱ्हाईक वळलं.

"एकसष्ट पट्ट्यांचा पाहिजे," मी म्हटलं. "नथनेलला एकसष्टचाच घ्यायचा होता."

त्यावरून आमचं भांडण झालेलं होतं, नवराबायकोचं होतं तसलं, लुटुपुटीचं. तो जायच्या आधी कित्येक दिवस त्याच्या डोक्यात हा कीबोर्ड होता. गिटारशिवाय त्याला काही वाजवता येत नव्हतं. म्हणायचा, दोन बोटांनी टाकटुक करून बास भरीन, व्हायोलिन भरीन. मी म्हटलं, मग दोन बोटांना पंचवीस पट्ट्या पुष्कळ झाल्या, आपलं टेबल केवढं, घर केवढं! तर म्हणे, नाही, एकसष्ट. आणि त्या पट्ट्या पूर्ण मापाच्या पाहिजेत. आणि ती चौकोनी बटणं नकोत. मी म्हटलं, अरे बँडवाला ना तू, ढोलाची बटणं नकोत? एवढा लांबडा कीबोर्ड वाजवणार कोण? तो नुसता हसला आणि माझ्या ताटातलं लोणचं उचलून खाल्लं.

"ताई, माझं ऐका," गुगळेशेठ म्हणाले. "मी काही जास्तीचं विकायला बसलेलो नाही. उलट कमीचं सांगतोय. एकसष्ट घेऊन लोक पस्तावतात. कॉटखाली जातो मग तो."

"जाऊ दे कॉटखाली. एकसष्ट. पूर्ण मापाच्या पट्ट्या. पॅड नकोत."

"पॅड नकोत?" त्यांना वाईटच वाटलं. "हल्ली तसा कुणी मागत नाही."

"आम्ही मागतोय ना."

"स्तुती," पप्पा हळू आवाजात म्हणाले, "कशाला गं हट्ट? एका गाण्यासाठी?"

मी त्यांना कसं सांगणार होते, की नथनेलनं मला सांगून ठेवलेलं आणि अजून करायचं राहिलेलं असं जगात एवढंच शिल्लक होतं? त्याचे कपडे दिले, बँकेचं केलं, मोबाईल बंद केला. सगळं केलं. कशानं काही वाटलं नाही. पण हा कीबोर्ड तो म्हणाला होता तसाच घ्यायचा, याच्यावर मी अडून बसले. का, ते विचारू नका.

गुगळेशेठ कुरकुरत आतल्या खोलीत गेले आणि धुळीनं माखलेला एक लांब खोका घेऊन आले. "हा आहे एक. साधा. बटणं नाहीत, लाइटा नाहीत. मागं फक्त वायरीचं भोक आणि पायाच्या पेडलचं भोक. पडून आहे म्हणून कमी करून देतो."

पप्पा त्याच्यासमोर बसले. दोन्ही हात ठेवले. या वेळी मावले. त्यांनी एकेक पट्टी खालपासून वरपर्यंत दाबून बघितली, कुठली अडकते का, कुठली वर यायला उशीर करते का. मग त्यांनी कुठलं तरी गीत वाजवायला सुरुवात केली. आवाज नाहीच. दुकानात फक्त टकटक टकटक चाललेली आणि पप्पांचे पाय फरशीवर वरखाली, वरखाली.

"सर, पाय कशाला?" गुगळेशेठनी वाकून बघितलं.

"भाता," पप्पा म्हणाले आणि ओशाळून पाय मागे घेतले. जरा वेळानं पाय परत सुरू झाले.

"आवाज ऐकवला असता हो सर," गुगळेशेठ म्हणाले, "पण माझ्याकडे हा एकच कॉम्प्युटर, बिलाचा. त्याला हे जोडलं तर जीएसटी गायला लागायचा."

पप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मला मात्र हसूही आलं नाही. खोका सुतळीनं बांधून घेतला आणि रिक्षात आम्ही दोघांनी तो मांडीवर आडवा धरला.

घरी जेवणाच्या टेबलाशिवाय तो कुठे मावणार नव्हता, म्हणून मी टेबल रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जॉएल आला. त्यानं वायर जोडली, लॅपटॉपात ऑर्गनचा आवाज घातला. पप्पांनी पट्टी दाबली, आणि दाबल्यावर क्षणभरानं आवाज आला.

"हा उशिरा बोलतो," पप्पा म्हणाले.

"करतो काका, सरळ करतो," जॉएल म्हणाला आणि लॅपटॉपात काहीतरी खुडबुड केली. मग बोट आणि आवाज एकदम यायला लागले. पायपेटीचा भरलेला आवाज नव्हता तो, पण ऑर्गन म्हणून चालण्यासारखा होता.

मग जॉएल मला म्हणाला, "वहिनी, एक काम मी आधीच करून ठेवलंय. नथ्यानं हे गीत क्लिक न लावताच गायलंय. म्हणजे कानात ठोका वाजतो ना मापाचा, तो न घेता. असं तो कधी करायचा नाही, काय झालं होतं त्याला कुणास ठाऊक. प्रत्येक ओळीच्या पुढं हे एवढं भोक पडलंय. मधूनच घरातले आवाजही आलेत. मी ते ऐकत बसलो नाही. दिसलं भोक की कापलं, आणि ओळी सगळ्या जवळ घेऊन ठोक्यावर बसवल्या. आता कसं गुळगुळीत झालंय. काकांना सोपं जाईल."

"आणि मूळचं?" पप्पांनी विचारलं.

"ते पण आहे ना. शेजारीच ठेवलंय."

"बरं केलंस," मी म्हटलं. चांगल्या मनानंच केलं होतं त्यानं. गाणं कसं सुरू करायचं, रेकॉर्डचं लाल बटण कुठलं, एवढं मला दाखवून तो कामावर गेला.

मी गाणं लावलं. खरं सांगते, त्याचा आवाज ऐकून मला भडभडून येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नथनेल गात होता आणि मला टेबलावरच्या मिठाच्या बरणीचं झाकण सैल दिसत होतं, ते मी लावलं. गीत आमच्या ओळखीचं होतं, संध्याकाळच्या उपासनेत शेवटी म्हणतात ते. पप्पांनी आयुष्यभर वाजवलेलं.

त्यांनी नथनेलच्या आवाजाखाली सूर धरला. पहिली ओळ छान गेली. मलासुद्धा कळलं, छान गेली. ओळ संपली, पप्पांनी शेवटचा सूर धरला, मान वर केली, आणि तोवर नथनेल दुसऱ्या ओळीत निम्म्यावर पोचला होता.

"परत लाव," पप्पा म्हणाले.

परत तेच झालं.

"परत."

मी परत लावलं. या वेळी ते ओठ घट्ट मिटून बसले होते. थांबायचं नाही असं ठरवून. पण हातांना कोण सांगणार? ओळ संपली की हात थांबायचे. मग घाई करून पुढची ओळ गाठायला जायचे, तर सूर चुकायचा. चौथ्यांदा झालं, पाचव्यांदा झालं. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी मधल्याच ओळीत त्यांनी दोन्ही हात उचलले. नथनेल एकटाच गात पुढं गेला आणि गीत संपवून मोकळा झाला.

"तो थांबत नाही गं," पप्पा म्हणाले.

मी मिठाची बरणी बाजूला सरकवली.

"बरोबरच आहे त्याचं. त्यानं सांगितलंच होतं मला. रांगतं म्हणून." ते उठले. पायपेटीला असतं तसं झाकण लावायला त्यांचा हात पुढं गेला. या कीबोर्डला झाकण नव्हतं. मग त्यांनी खुर्चीवरचा टॉवेल घेऊन त्याच्यावर पसरला, कडा सारख्या केल्या. "गुगळेशेठ परत घेतील का हा? विचारून बघ. छोटा घेतला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं."

ते आत स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. किती वेळ तो नळ चालूच होता. पप्पा रडतायत हे मला समजत होतं. आपण उठून जावं हेही समजत होतं. पण ते नुसतं समजत होतं, अंगात उतरत नव्हतं. मी लॅपटॉप बंद करायला गेले.

पडद्यावर दोन गाणी दिसत होती. जॉएलनं सरळ केलेलं आणि शेजारी मूळचं. मूळचं मी ऐकलंच नव्हतं. मी ते लावलं. मनात काही आलं म्हणून लावलं असं नाही. समोर होतं, लावलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. नथनेल खाकरला. मग गिटार, मग पहिली ओळ. ओळ संपली आणि गिटारही थांबली. काहीच नाही. पंख्याची घरघर तेवढी. मला वाटलं, एवढंच आहे, संपलं. बंद करायला मी बोट पुढं केलं तर दुसरी ओळ सुरू झाली. ती संपली. परत तेवढंच काहीच नाही. मग तिसरी.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

पप्पा दारात येऊन उभे राहिले. हातातून पाणी गळत होतं. पुढची ओळ संपली, नथनेल थांबला, आणि पप्पांनी मान वर करून छताकडे बघितलं. ते बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घेतली आणि त्याच क्षणाला नथनेलनं पुढची ओळ उचलली.

ते आले, शर्टाला हात पुसले, टॉवेल काढून खुर्चीवर टाकला.

"पहिल्यापासून लाव," म्हणाले.

मी लावलं. पप्पांनी सूर धरला. पहिली ओळ संपली. पप्पा थांबले, नथनेल थांबला. पप्पांच्या हाताखाली शेवटचा सूर लांबत होता आणि त्या भोकात तो चपखल बसत होता, जराही कमी नाही, जराही जास्त नाही. दोघं एकदम दुसऱ्या ओळीवर गेले. टेबलाखाली पप्पांचे पाय वरखाली, वरखाली. मार्थाबाईंना पुरेल एवढा दम प्रत्येक ओळीला. पोरानं बापाचं थांबणं पाठ करून ठेवलं होतं. चेष्टा करता करता, चिडता चिडता, सगळं पाठ! एकसष्ट पट्ट्या कुणाच्या दोन हातांसाठी, पॅड कुणाला नकोत, ते मला तेव्हा उलगडलं. एवढी साधी गोष्ट, आणि मी टेबलाचं माप घेत बसले होते.

शेवटच्या ओळीच्या आधीचं थांबणं सगळ्यांत लांब असतं. पप्पांनी सूर धरला. लॅपटॉपातून कुकरची शिट्टी आली. आणि मग एका बाईचा आवाज, लांबून, वैतागलेला:

"नथनेल! येतोस का आता? जेवण गार होतंय!"

माझाच आवाज होता. रविवारची दुपार असणार, चर्चहून आल्यावरची. मला आठवतही नव्हतं. रोज मारायचे मी तशी हाक.

आणि अगदी जवळून, माइकला ओठ लागलेत असं वाटावं इतक्या जवळून, नथनेल हळूच म्हणाला, "थांब गं. पप्पांनी सूर धरलाय अजून."

मग तो शेवटची ओळ गायला.

पप्पांचे हात पट्ट्यांवरून हलले नाहीत. शेवटपर्यंत वाजवलं त्यांनी, शेवटचा सूर पूर्ण धरला, आणि मग हात अलगद मांडीवर घेतले. डोळे भरले होते, पण चेहरा उपासना नीट पार पडल्यावर असायचा तसा होता. ते म्हणाले, "रेकॉर्ड झालं?"

मी पडद्याकडे बघितलं. लाल बटण मी दाबलंच नव्हतं.

"नाही पप्पा. राहिलं."

"बरं झालं," पप्पा म्हणाले आणि परत हात ठेवले. "परत घेऊ."

या वेळी मी लाल बटण दाबलं. खुर्ची सरकली, नथनेल खाकरला, गिटार सुरू झाली. पहिल्या ओळीनंतर तो थांबला. मला ठसका येतोय असं वाटलं. पाणी प्यायला उठायला गेले. मग ते आलं. इतके दिवस कुठं दडून बसलं होतं कोण जाणे, एकदम आलं. मी तोंडात ओढणी कोंबली. पप्पांचं 'एकदाच' चाललेलं, आणि माझ्या रडण्यानं ते नासून जायला नको, एवढंच डोक्यात होतं.

आणि गुगळेशेठ आठवले. ह्याला कान नाहीत. नुसती बोटं कळतात ह्याला.

मी ओढणी काढली आणि रडले. मोठ्यानं, गळा काढून, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं. पप्पांनी वळून बघितलं नाही. त्यांचे खांदे हलत होते, पण बोटं जागच्या जागी पडत होती.

ते रेकॉर्डिंग आहे अजून आमच्याकडे. पप्पा गेले त्या दिवशी चर्चमध्ये तेच लावलं. त्यात नथनेल आहे, गिटार आहे, पप्पांचा ऑर्गन आहे, कुकरची शिट्टी आहे, जेवायला बोलावणारी मी आहे. रडणारी मी त्यात कुठेच नाही. ओळ संपली की नथनेल थांबतो, पप्पा थांबतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी मात्र थांबले नाही.